पिशाच्चपदी बसविलेल्या मुकुंदरावांची हकीकत

श्री. उजेडाने दाखविले आणि अंधाराने झाकिले, त्या उभयतांस वंदन करून लिहिले जाते. शके १८९३, विरोधकृत् संवत्सरी, छायाराज्यातून, म्हणजे एका सिनेमा कंपनीतून, मोहीम निघाली ती भुताच्या बोलपटाची. राज्याचे धनी आप्पासाहेब, मन दर्याएवढे आणि खजिना वाटीएवढा. धुके गोवऱ्यांचे, वटवाघळे फाटक्या छत्रीची, आणि पिशाच्चपदी बसविले मुकुंदराव केरकर यांसी, जे संगीत नाटकातले एके काळचे मातब्बर नट. मुकुंदरावांच्या घशात गाठ जाहली होती आणि वैद्य बोलिले होते की, आवाज लवकरच जाईल. आणि कन्या शालन धाकटी, तिने बापास रंगभूमीवर कधी पाहिले नव्हते. मग मुकुंदरावांनी मनी धरिले की, नाटके वाऱ्यावर गेली, बोलपट तरी राहील, बाप काय चीज होता हे पोरीस कळेल. म्हणोन रबरी सुळे तोंडात धरिले. मुख्य प्रसंग असा की, पिशाच्चास आपली लेक ओळखू येते आणि ते आक्रोश करिते. मुकुंदरावांची रीत नाटकातली: पहिल्या खेपेस हात राखावा, प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडले की मग प्राण ओतावा. तीच रीत येथे चालविली, आणि बेताचा आक्रोश करून, सुळा वाकडा जाहला तो तैसाच ठेवून, 'वन्स मोअर'ची वाट पाहत उभे राहिले. आप्पासाहेब बोलिले, "झ्याक! चला, दिवे आवरा."

"अहो धनी, हा तर नमुना. आता खरा घेतो."

"फिल्म सरली, मुकुंदराव."

"सरली म्हणजे?"

"म्हणजे सरली! भूतच ते. त्याचं रडणं कोण तोलून बघतो?"

मग मुकुंदरावांनी सुळे काढून फेकिले आणि रिकाम्या कॅमेऱ्यापुढे आक्रोश केला, तो ऐसा की वटवाघळांच्या दोऱ्या ओढणारे दोऱ्या सोडून रडू लागले आणि आप्पासाहेबांनी तोंड फिरविले. आणि तो आवाज पुन्हा लागला नाही.

पुढे चित्र लागले, आणि मुकुंदराव शालनीस घेऊन पुढल्या बाकावर बसले. आक्रोश आला आणि थेटर हसहसून लोळले; कोणी ओरडला, "भुतोबा, दात सांभाळा!" शालनही हसली, मग बापाकडे पाहून हसू गिळिले आणि हळूच बोलिली, "बाबा, हे तुम्हीच ना?"

मुकुंदरावांनी नकारार्थी मान हलविली.

तात्पर्य, आप्पासाहेबांचे राज्य त्याच साली बुडाले, मुकुंदराव कायमचे मुके जाहले, आणि चित्र अजून जत्राजत्रांतून हशा मिळविते. खरा आक्रोश ऐकिला ती मंडळी सांगत असतात; कोणी खरे मानीत नाही. इतके लिहून बोरू खाली ठेविला.