‘वॉश अप’ची चार छायाचित्रं

माझ्या हातून चुकीचं वाक्य छापलं जात नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो! आमच्या दैनिकात मी ‘आजचं इंग्रजी’ हे सदर चालवतो आणि प्रत्येक शब्दप्रयोग पुरता तपासूनच वाचकांच्या हाती देतो. तरीही संपादकांनी परवा मला केबिनमध्ये बोलावलं.

“तुमचं सदर कोणी वाचत नाही हो! उद्याच्या अंकाला फोटोंसकट काहीतरी चटकदार द्या. नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणाला तरी देतो.”

दुसऱ्या कोणाला तरी! माझी जागा!

मी तिथल्या तिथे विषय ठरवला: ‘वॉश अप’. घरगुती, सोपा आणि रोजच्या वापरातला. एका देशात जेवण झाल्यावर ‘वॉश अप’ म्हणाले की भांडी घासायची. दुसऱ्या देशात जेवणाआधी म्हणाले की हाततोंड धुवायचं. भांड्यांचे दोन फोटो, माझे दोन. धुण्याआधी आणि धुतल्यावर. यात बिघडण्यासारखं काय आहे, सांगा!

दुपारी आमचा फोटोग्राफर घरी आला. बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवायला गेली होती. घरात फक्त सासूबाई. त्यांनी सिंक इतकं लखलखीत ठेवलं होतं की त्यात बघून भांग पाडता आला असता.

“खरकटी भांडी कुठायत?” फोटोग्राफरने विचारलं.

“आई, जरा भांडी खराब करायची होती,” मी म्हणालो.

“अहो, आत्ताच घासली मी!”

“म्हणूनच!”

सासूबाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. असं त्यांनी लग्न ठरवताना पाहायला हवं होतं.

मी कपबशांना जॅम फासला. फोटोग्राफरने मान हलवली. “साहेब, आपलं पान काळं-पांढरं. जॅम छापून आला की नुसतं धुकं दिसतं. काळं म्हणजे काळंच हवं!” आणि त्याने पिशवीतून डबा काढला. छपाईची शाई!

दुसऱ्या कुठल्याही पेशातल्या माणसाला इथे शंका आली असती. आम्ही दोघं मात्र त्या शाईवरच पोट भरतो. आम्हाला ती घरच्यासारखी वाटली! शिवाय पेपर वाचून काळी झालेली बोटं साबणाने स्वच्छ होतात, हे मी रोज पाहतो. पेपरवरची शाई वाळलेली असते आणि डब्यातली ओली, एवढाच काय तो फरक माझ्या ध्यानात आला नाही.

पांढऱ्या कपबशा काळ्या झाल्या. मग माझे हात. मग तोंड.

“कानांनाही लावा, साहेब! वा! बॉयलर फुटल्यासारखे दिसताय!”

फोटो निघाले. मी नळ सोडला, साबण घेतला आणि चोळू लागलो. शाई हलेना. मग हलली, पण भलतीकडेच! नळावर गेली, टॉवेलवर गेली, फ्रीजच्या दारावर गेली. माझं तोंड होतं तसंच राहिलं.

“जावईबापू, भिंतीला टेकू नका हं,” सासूबाई म्हणाल्या. “टेकलात? बरं.”

फोटोग्राफरने घाईघाईने छापखान्यात मशीनवाल्याला फोन लावला. पलीकडून हसण्याचा गडगडाट झाला. “पाण्याने?” एवढंच ऐकू आलं. नंतर मशीनवाला हे बाकीच्यांना सांगायला निघून गेला, फोन तसाच चालू ठेवून!

इकडे धुतल्यावरचे फोटो नाहीत, म्हणजे सदर नाही. सदर नाही, म्हणजे जागा गेली! तेवढ्यात बायको आली.

“कोण आहे हा माणूस?”

“मी!”

“आवाज ओळखीचा वाटतोय.” तिने पर्स ठेवली, बाह्या सरसावल्या आणि स्वयंपाकाचं तेल माझ्या टाळूवर ओतलं. “मान खाली. शाई तेलातली, ती तेलानेच सुटणार. आठवीतल्या मुलांना कळतं!”

मी तेलाने निथळत असतानाच संपादकांचा फोन आला. माझे हात असे, म्हणून तिनेच तो उचलला.

“हो, चाललंय धुणं... छे हो, पाण्याने कशी जाईल? आधी तेल, मग फडकं, मग साबण... हो, कान राहिलेत... तुमच्या शर्टावर? बॉलपेनचा डाग? थांबा, सांगते.”

“सदराचं विचार! सदराचं!” मी खुणा करत होतो. तिने मला हातानेच गप्प केलं. ते बोलणं संपेना!

शेवटी कपबशा पांढऱ्या झाल्या आणि मी सोललेल्या बटाट्यासारखा गुलाबी. फोटो निघाले, मजकुरासह वेळेत पोचले. जिंकलो! त्या रात्री मी निवांत झोपलो.

सकाळी पान उघडलं. माझ्याच जागेवर चारही फोटो झळकत होते! वर ठळक मथळा: ‘हट्टी डाग? चिंता सोडा!’ आजपासून नवं सदर. खाली माझ्या बायकोचं नाव.

माझाही उल्लेख होता. अगदी तळाला, बारीक टायपात: ‘छायाचित्रांत लेखिकेचे पती व कपबशा.’

“बघू,” म्हणत सासूबाईंनी चष्मा लावला आणि सगळं सदर शेवटपर्यंत वाचून काढलं. मग पेपर माझ्यासमोर धरून म्हणाल्या, “जावईबापू, फोटो छान आलाय हो तुमचा. हा धुण्याआधीचा.”