जावयावर खटला

रविवारचं जेवण आटोपल्यावर ड्वेनने सासूला गळ घातली, की काहीही करा, पण माझ्यावर खटला भरा.

सासूबाईंनी, म्हणजे आर्लीन ब्रेकींनी, प्लास्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला होता. ड्वेनच्याच मागच्या दाराची पायरी निसटून त्यांचा घोटा मोडला होता. त्यांच्या आरोग्यविम्यातून निम्माही खर्च निघेना, आणि शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पगारावर उरलेलं फेडायचं तर राहतं घर विकायची पाळी. ड्वेनच्या घराचा विमा होता, पण घरमालकाची चूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी दमडी द्यायला तयार नव्हती. अमेरिकेत, त्यांच्या विस्कॉन्सिन राज्यात, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लोक कोर्टाचे कागद पाठवतात आणि रविवारी त्याच घरी जेवायला येतात.

आर्लीनबाईंनी खटला भरला. कंपनीने ड्वेनला वाचवायला प्रुइट नावाचा वकील दिला, तोही फुकट. पंचाईत एवढीच, की ड्वेनला वाचायचंच नव्हतं.

कोर्टात उभं राहण्याआधीच्या जबानीसाठी सगळे प्रुइटच्या ऑफिसात जमले. ड्वेनची बायको जॅनेलही आईच्या सोबतीला आली होती. शपथ झाली आणि प्रुइटने आधी आर्लीनबाईंना विचारलं, पायरी सैल आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का? 'नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण आपलंच खरं होतं हे सांगायची संधी आर्लीनबाईंनी जन्मात कधी सोडली नव्हती.

"ठाऊक होतं म्हणजे? दर रविवारी मीच तर सांगत होते, पायरी हलतेय म्हणून. हा आपला ढिम्म."

त्यांच्या वकिलाने कपाळाला हात लावला. प्रुइटचा चेहरा मात्र खुलला.

"ठाऊक होतं, तर पाय ठेवलात कशाला?"

बाईंनी ड्वेनकडे बोट दाखवलं. "त्या रविवारी सकाळी हा म्हणाला, काल पायरी पक्की केलीय. इतक्या वर्षांत ह्याच्या एका शब्दावर मी विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला."

ड्वेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची पाळी आली तेव्हा प्रुइटने त्याला अगदी गोंजारत विचारलं, पायरी तुम्ही दुरुस्त केली होती ना? 'हो' म्हटलं की ड्वेन सज्जन ठरणार होता आणि सासूचं घर जाणार होतं.

"नाही," ड्वेन म्हणाला. "हातसुद्धा लावला नव्हता. कटकट थांबावी म्हणून थाप मारली."

प्रुइटने पेन खाली ठेवलं. कंपनीने पुढे मुकाट्याने सगळा खर्च दिला.

परतताना ड्वेन गाडी चालवत होता. मागच्या सीटवर सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या. हायवे लागला तशी शेजारी बसलेली जॅनेल त्याच्याकडे वळली.

"त्या शनिवारी माझ्या बहिणीचं सामान हलवायचं होतं," ती शांतपणे म्हणाली. "पायरी करायचीय म्हणून तू आला नाहीस. मग दिवसभर होतास कुठे?"

ड्वेन दिवसभर तळ्यावर गळ टाकून बसला होता.

"माझ्याकडे होता," मागून आर्लीनबाई म्हणाल्या. "नळ गळत होता माझा. मीच म्हटलं, कुणाला सांगत बसू नकोस."

आईच्या बोलण्यावर शंका घ्यायची जॅनेलला सवय नव्हती. ती खिडकीबाहेर बघू लागली. ड्वेनने आरशातून मागे पाहिलं, पण सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

सासूबाईंच्या घराशी गाडी थांबली. ड्वेनने हात धरून त्यांना उतरवलं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "नळ खरंच गळतोय. शनिवारी ये. आणि छपराचंही बघायचंय."