लोण्याची गावफेरी

सुभद्राबाईंनी लेकाची बॅग उघडली तेव्हा नागेश प्रवासाच्या शिणाने घोरत होता. आत दोन स्वेटरांमध्ये गुंडाळलेला एक किलोचा पिवळाधमक ठोकळा निघाला. आयर्लंडचं लोणी! विमानातून आलेलं! सुभद्राबाईंनी त्याला फक्त हात जोडायचेच बाकी ठेवले. तिकडच्या गाईंना हळद चारतात की काय, असा त्यांना अगदी मनापासून प्रश्न पडला.

अशी चीज एकट्याने खायची नसते, हा दुबलगुंडी गावचा कायदा. त्यांनी ठोकळ्याचे चार तुकडे केले आणि निलम्मा, व्यंकट, बसलिंगप्पा आणि बाबूलाल अशा चार घरी चार वाट्या स्वतः पोचवून आल्या.

दुपारी बिदरजवळच्या नौबादहून त्यांची लेक रूपाली आली, ती लोणी न्यायलाच. लोणी तिचं होतं. तिच्या नव्या बेकरीकडे बिदरच्या एका हॉटेलवाल्याने उद्या सकाळी क्रोसाँचा, म्हणजे पदरापदरांच्या फ्रेंच पावाचा, नमुना मागितला होता. पसंत पडला तर रोजची ऑर्डर, नाहीतर बेकरीला कुलूप. पदर सुटायला लागतं तसलं लोणी तिने बिदरभर हुडकलं. कलबुर्गीत एक वडी सापडली, तीही तारीख उलटलेली. हैदराबादचा व्यापारी आठ दिवस थांबा म्हणाला. शेवटी नागेशने आपले तीन शर्ट मागे ठेवून लोणी आणलं, आणि कुणासाठी ते सांगायच्या आधीच त्याला झोप लागली.

"आई, लोणी कुठाय?"

"घरोघर वाटलं की. परदेशाची चीज घरातच गिळायची असती व्हय?"

रूपाली धावत निलम्माकडे गेली. निलम्माने वाटीला बोटही लावलं नव्हतं. एवढी भारी चीज आपल्या तोंडाला कशाला, म्हणून तिने ती दानम्माच्या घरी दिली होती. दानम्माची नात विजयश्री नुकतीच बाळंत झाली होती, आणि गावात चांगलंचुंगलं आलं की ते बाळंतिणीकडे जायचं. व्यंकटने तेच केलं होतं. बसलिंगप्पाने आणि बाबूलालनेही. देताना मात्र चौघांनी 'आमच्याकडं परदेशातनं आलंय' एवढंच सांगितलं होतं. सुभद्राबाईंचं नाव कुणी काढलं नव्हतं.

रूपाली दानम्माच्या घराकडे वळली, तोच मागोमाग आलेल्या आईने तिचा दंड धरला.

"बाळंतिणीचा घास मागाया जायलीस? गावात तोंड दाखवता येईल का?"

ते रूपालीलाही पटलं. ती घरी येऊन भिंतीला टेकून बसली. हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगायला फोन तीनदा हातात घेतला, पण धीर होईना. तिचे वडील माणिकराव, गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, शेजारी येऊन बसले.

दिवस कलला तेव्हा पदराखाली डबा झाकून दानम्मा स्वतः आली.

"गुरुजी, असलं लोणी तुमी जलमात बघितलं नसताल."

डब्यात चारही तुकडे होते, कोपरासुद्धा न मोडलेले. माणिकरावांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"न्हाई अक्का, कधीच न्हाई."

एकाच दिवशी गावातल्या चार घरांना परदेशातून लोणी आलं, याचंच दानम्माला नवल वाटत होतं. बाळंतिणीला ही चीज सोसायची नाही. मग खायचं कुणी, याचा तिने दिवसभर विचार केला होता.

"माझ्या विजयश्रीला अक्षर तुमी शिकिवलाव. तुमी सोडून दुसरं कोण खावं? माझ्यासमोर खावा."

तिने आपल्या हाताने एक गोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. याच दानम्माच्या दारात माणिकरावांचे वडील लांब उभे राहून ओंजळ धरायचे, आणि वरून भाकरी पडायची. माणिकरावांनी लोणी तोंडात घातलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"बघा, कसली चव हाय," दानम्मा सुभद्राबाईंना म्हणाली. "गुरुजींची बोलतीच बंद झाली." मग तिचं लक्ष रूपालीकडे गेलं. "ऱ्हायलेलं ह्या पोरीला द्या. कामून एवढं तोंड वाळलंय तिचं?"

रूपालीने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. तिकडे सुभद्राबाई त्यातलाच एक तुकडा कापायला सुरी शोधत होत्या, कारण दानम्माचा डबा रिकामा कसा परत पाठवायचा? रूपालीने मागे वळून पाहिलं नाही. डब्यासकट तिने बिदरची बस पकडली.