नव्याण्णव गुणांची गाडी

दर गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता आयली कांगस आपली लाकडी स्टेशन वॅगन कोठारातून बाहेर काढी, टेकडीवरच्या दोन म्हाताऱ्यांना आत घेई आणि दोन मैल खाली टॉवर बे गावात नेऊन सोडी. एल्माला फिनलंडहून आलेल्या लोकांच्या सभागृहातल्या जेवणाला जायचं असे आणि तोइनीला दवाखान्यात, पायाच्या जखमेची पट्टी बदलून घ्यायला. ही व्यवस्था सात वर्षं सुरळीत चालली होती, त्यामुळे तिच्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

गाडी १९४१ची. सरोवराच्या काठी तेव्हा उन्हाळी पाहुण्यांचं एक हॉटेल होतं आणि स्टेशनवरून माणसं व त्यांच्या पेट्या आणण्यासाठी ती घेतलेली होती. खाली ट्रकची चासी, म्हणजे इंजिन-चाकांसह लोखंडी सांगाडा, आणि वर अॅश व मेपलच्या लाकडाची एक खोलीच: चार दारं, तीन बाकं, छताला कॅनव्हास. आयलीचे वडील हॉटेलात सुतार होते. हॉटेल मिटलं तेव्हा गाडी त्यांच्याकडे आली. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की लाकूड दरवर्षी घासून त्याला वॉर्निश द्यावं. वडिलांनी ते दर मे महिन्यात केलं आणि त्यांच्यामागे आयलीनं. कुजकी पट्टी दिसली की ती काढायची आणि हुबेहूब तशीच नवी बसवायची, असं ते काम होतं.

तोइनीचा डावा गुडघा वाकत नसे. साध्या मोटारीत बसवायचं तर तिची घडी घालावी लागली असती. या गाडीची बैठक मात्र ट्रकच्या उंचीमुळे बरोबर तिच्या कमरेशी येई. ती पाठमोरी टेके, मग एल्मा तिचे पाय उचलून आत फिरवी आणि म्हणे, "झालं सामान भरून. चल गं आयली."

गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी राज्याच्या वाहन खात्याचं पत्र आलं. पन्नाशी उलटलेल्या गाडीनं एक तर आधुनिक सुरक्षा चाचणी द्यावी, किंवा वारसा-वाहन म्हणून नोंद करून घ्यावी. चाचणीच्या अर्जातला पहिलाच प्रश्न होता, 'वाहनाची दारे ज्वलनशील आहेत काय?' आयलीनं 'होय' असं लिहिलं आणि तो मार्ग तिथंच संपला. दुसऱ्या मार्गासाठी काष्ठकाय वाहन अस्सलता मंडळाचं प्रमाणपत्र लागत होतं. शंभरपैकी नव्वद गुण.

जूनमध्ये मंडळाचे परीक्षक श्री. व्हिटलॉक पुलापलीकडून, म्हणजे राज्याच्या खालच्या भागातून, आले. निळा कोट, भिंग, दातांच्या डॉक्टरजवळ असतो तसा छोटा आरसा. आयलीनं कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढं ठेवला. तो त्यांनी दोन तासांनी गाडीखालून बाहेर आल्यावर खाल्ला.

"चाळीस," ते म्हणाले.

"वर्षं?"

"गुण. बाई, तुमच्या गाडीत पंधरा भाग बदललेले आहेत. बदललेल्या प्रत्येक भागाला चार गुण वजा."

"कुजले म्हणून बदलले, साहेब. त्याच जंगलातलं लाकूड आहे. झाडं माझ्या वडिलांनी निवडली."

"जंगल तेच आहे, पण साल वेगळं." त्यांनी नोंद केली. "शिवाय वॉर्निशबद्दल शेरा. अस्सल वॉर्निश एकदाच लागतं, कारखान्यात. तुम्ही ते पन्नास वेळा बिघडवलंत."

आयलीनं आतून कंपनीची पुस्तिका आणून दाखवली. श्री. व्हिटलॉक यांनी ती भिंगाखाली धरली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. "ही अस्सल आहे. हिला वेगळी नोंद मिळू शकेल."

"पण गाडी चालते, साहेब. दर गुरुवारी."

"चालणं हा निकष नाही. पेनहेल यांची गाडी पाहिलीत का?"

टेकडीखालच्या ऑर्विल पेनहेलची गाडी सगळ्यांनीच पाहिली होती. ती १९५८पासून त्याच्या खुराड्यात उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत. तिला सत्त्याण्णव गुण मिळाले होते. तळ गळून पडला होता, पण कोणी त्याला हात लावला नव्हता. छतावरची कोंबड्यांची शीटसुद्धा त्या काळाशी सुसंगत ठरली होती.

"त्याच्या गाडीला तर तळच नाही," आयली म्हणाली.

"नसलेल्या भागाला फक्त एक गुण वजा," श्री. व्हिटलॉक म्हणाले. "नसणं ही चूक नव्हे, बाई. दुरुस्ती ही चूक."

आयली शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. साहेब गेल्यावर तिनं पाठकोरा कागद घेतला. चार बदललेली दारं काढली तर चारांचे सोळा वाचतात आणि चार जातात. बारा गुणांचा फायदा. दुसऱ्या दिवशी तिनं दारं काढली.

त्या गुरुवारी एल्मानं तोइनीला आपल्या लोकरी शालीनं बाकाला बांधलं. "आता बरं झालं," तोइनी म्हणाली, "दार आपटून घ्यायचं टेन्शन गेलं."

"गप बस. वळणावर पडलीस तर मी थांबवायला सांगणार नाही."

जुलैच्या फेरतपासणीत बावन्न गुण पडले. आयलीनं मागचं फळकूट, छत, बाकं, खांब असे उरलेले बदललेले भाग काढले आणि वॉर्निश पार खरवडून टाकलं. पंधराच्या पंधरा भाग आता नव्हते. ऑगस्टमध्ये पंच्याऐंशी झाले. गाडीत बसायला जागा उरली नव्हती, पण गुण वाढत होते. तोइनी त्या महिन्यात दवाखान्यात गेली नाही.

"आणखी पाच कुठून आणायचे, साहेब?"

श्री. व्हिटलॉक यांना आता या बाईबद्दल आदर वाटू लागला होता. त्यांनी नियमावली चाळली. "संपूर्ण लाकडी देह नसेल, तर तो एकच भाग धरला जातो."

"म्हणजे एकच गुण वजा?"

"एकच."

"आणि प्रमाणपत्र मिळालं की माझा प्रश्न सुटला?"

"प्रमाणपत्र मिळालं की कसलाच प्रश्न उरत नाही," ते म्हणाले.

आयलीचा बेत सरळ होता. देह काढायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, देह परत चढवायचा. बोल्ट कुठला कुठं जातो हे तिनं खडूनं लिहून ठेवलं, दारांपासूनचं सगळं लाकूड कोठारात क्रमानं रचलं आणि त्यावर चादर घातली. सप्टेंबरात नुसत्या चासीला नव्याण्णव गुण मिळाले. मंडळाच्या इतिहासातला हा उच्चांक होता. प्रमाणपत्र देण्याच्या समारंभात टाळ्या वाजल्या. पेनहेलनं हात मिळवला आणि कानात म्हणाला, "माझ्या कोंबड्या हरल्या बघ."

प्रमाणपत्र फ्रेम करून दिलं होतं. अटी मागच्या बाजूला छापलेल्या होत्या.

वाहन खात्याच्या खिडकीतल्या कारकून बाईनं फ्रेम उलटी करून मागचा पुठ्ठा काढला तेव्हा त्या अटी प्रथमच उजेडात आल्या. अट सहा: प्रमाणित वाहनास कोणताही भाग जोडणे ही छेडछाड समजली जाईल. अट सात: छेडछाड केलेले वाहन रस्त्यावर आणता येणार नाही.

"आणि ही ट्रकची चासी आहे," कारकून बाई म्हणाली. "तशी नोंद केलीय. वारसा-ट्रक. यात माणसं नेता येत नाहीत."

"वर लाकडी खोली होती. चार दारांची."

"प्रमाणपत्रात तसं काही नाही हो."

"मग मला हे प्रमाणपत्र नको. परत घ्या."

कारकून बाईला खरोखर वाईट वाटलं. ती आयलीच्याच शाळेत शिकलेली होती. "नव्याण्णव आहेत, मॅडम," ती हळूच म्हणाली. "नव्याण्णव कोण परत देतं?"

आयलीनं फ्रेम उचलली. तीस वर्षं तिनं मुलांना हेच सांगितलं होतं.

आता ती चासी टॉवर बेच्या बागेत काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभी आहे. भोवती जाड दोरी आहे, खाली पाटी आहे: 'अमेरिकेची शेवटची अस्सल लाकडी स्टेशन वॅगन. हात लावू नये.' उन्हाळ्यात तुमच्यासारखी लांबून आलेली माणसं तिथं आवर्जून थांबतात. पाटी वाचतात, "काय जपलंय बघा, नाही तर आपल्याकडे," असं म्हणतात आणि फोटो काढतात.

फोटो चांगला येतो. फक्त गुरुवारी सकाळी काढलात तर मागच्या उतारावर दोन म्हाताऱ्या येतात. त्यांतली एक पाय वाकवत नाही आणि दुसरीनं तिला धरलेलं असतं. त्या फार सावकाश चालतात, त्यामुळे त्या जाईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. घरी आल्यावर तेवढा भाग कापून टाका.