उशीतले भाडेकरू

आमच्या मजल्यावर कोणाकडे नवी सून आली की बाकीच्या बायका ओटी भरायला जातात. कुमुदताई व्हॅक्यूम क्लीनर घेऊन जातात. नळीच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधलेला असतो. "तुझी उशी दाखव गं," एवढीच प्रस्तावना.

कुमुदताई तेलंग आमच्या शेजारी, फणसवाडीत. परळच्या एका हॉस्पिटलात ॲलर्जीच्या प्रयोगशाळेत त्यांनी आख्खी नोकरी काढली. संशोधनावर नावं डॉक्टरांची. ताईंचं नाव शेवटी आभारात, टायपिस्टच्याही खाली. रिटायर झाल्या आणि त्यांनी ते संशोधन घरी आणलं. प्रश्न एकच: एकाच गादीवर झोपणाऱ्या दोन भावांपैकी एकच का शिंकतो?

"धूळ तीच, किडे तेच. मग?" त्या विचारायच्या, आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत सांगायच्या, "काही शरीरं भित्री असतात रे. चोर नसतानाच पोलिसांना फोन लावतात."

मलमलवरची धूळ त्या मायक्रोस्कोपखाली दाखवत. आठ पायांचे पांढुरके जीव. "हे तुमच्या उशीतले भाडेकरू. पागडीवाले. हलत नाहीत." ते खातात काय, हे मी एकदाच विचारलं. "तुझी गळलेली कातडी," ताई म्हणाल्या आणि पोह्यांची बशी पुढे केली.

ह्या शास्त्राने माणसं जोडली जातात असं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी हौसेने परदेशी गादी आणली होती. भर मीटिंगमध्ये, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना, ताईंनी जाहीर केलं की बिल्डिंगमधली सर्वांत जास्त वस्ती सेक्रेटरींच्या गादीत आहे. सेक्रेटरीबाई दोन महिने ताईंशी बोलल्या नाहीत. ताईंच्या ते लक्षातही आलं नाही.

मग आमची लेक सई शिंकायला लागली. रोज सकाळी, ओळीने, डोळे लाल होईपर्यंत. शाळा बुडू लागली. डॉक्टरांचं औषध सुरू होतंच, पण ताईंनी घराचा ताबा घेतला. चादरी उकळत्या पाण्यात. गालिचा बाहेर. सईचं कापडी अस्वल पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, एक दिवस. त्याच संध्याकाळी माझे ऑफिसातले साहेब घरी आले, स्वतःच बर्फ काढायला उठले आणि मटारच्या पाकिटांमधून त्यांच्याकडे रोखून पाहणारे दोन डोळे बघून परत येऊन बसले. सरबत त्यांनी बिनबर्फाचंच घेतलं.

महिन्याभरात सई बरीच सुधारली. मी पेढे घेऊन गेलो तर ताई वैतागल्या. "औषध चालू, चादरी बदलल्या, ऋतू बदलला. कशाने बरं वाटलं, सांग! एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही." पण पेढा अर्धा करून दोनदा घेतला.

डिसेंबरात आम्ही घरच्या गाद्या पिंजायला काढल्या. पिंजारी गच्चीत बसलाच होता. म्हटलं, ताईंच्याही उचलून द्याव्यात, तेवढीच परतफेड. त्यांच्या बाहेरच्या खोलीतली गादी मी वर नेऊन ठेवली आणि परत येऊन आतल्या खोलीत शिरलो. खिडकी बंद. पलंगावर एक जुनी, मधोमध खोलगट झालेली गादी, वर चुरगळलेली चादर.

"ती नको," ताई मागून म्हणाल्या.

"अहो, ही तर सगळ्यात जुनी दिसतेय. किती किडे असतील!"

"आहेत. दर महिन्याला बघते मी."

मला वाटलं, आता व्याख्यान होणार. झालं नाही. ताई पलंगाच्या कडेला, गादीला धक्का न लावता, लाकडावर टेकल्या.

"आई इथे झोपायची. शेवटचं वर्षभर तर उठलीच नाही." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "जाऊन दोन वर्षं होतील. मला वाटलं होतं, सहा महिन्यांत संपतील. मी इथे झोपत नाही, दुसरं कोणी येत नाही. खायला काय मिळणार त्यांना? पण आहेत रे अजून. कमी झालेत, पण आहेत."

मी चादरीकडे बघत राहिलो.

"म्हणजे आई अजून पुरतेय त्यांना," ताई म्हणाल्या. चष्मा लावला आणि एकदम नेहमीच्या प्रयोगशाळेच्या आवाजात बजावलं, "जाताना दार घट्ट लोट. कोरड्या हवेत टिकत नाहीत ते."