तुळाजी बोकडाचा दम आणि हुकुमातली भोकं

एका जंगलात, बाळांनो, राजाचा हुकूम एका दमात वाचायची रीत होती. मध्ये थांबणं म्हणजे महाराजांचा अपमान. म्हणून लिहितानाही शब्दाला शब्द चिकटवून, न थांबता लिहीत. हसू नकोस रे मागच्या बाकावरच्या, तुझ्या वहीत वेगळं काय असतं?

हुकूम वाचायचं काम तुळाजी बोकडाकडे होतं. आधीचे दोन वाचक वाचता वाचताच गेले. तुळाजीला तर दमा. आणि यंदाचा पाण्याचा हुकूम सहा हात लांब!

हुकूम लिहून काढायची ती साळूबाई साळिंदर. तिला तो म्हणाला, "साळूबाई, मी काही यातून जगत नाही. माझ्या पोरांकडे लक्ष ठेवा."

"काहीतरीच काय बोलता, भावजी!"

तिनं अंगावरचा एक काटा उपसला आणि हुकुमाला जागोजाग भोकं पाडली. "लहान भोक दिसलं की थोडा श्वास घ्या. मोठं दिसलं की पोटभर घ्या."

दरबार भरला. तुळाजी वाचू लागला.

"महाराजांच्या कृपेनं ओढा सर्वांना खुला आहे."

मोठं भोक आलं. तुळाजी थांबला. टाळ्या पडल्या. एरवी त्या वाचक कोसळल्यावरच पडत.

"मात्र आधी महाराज पितील, मग महाराजांचे पाहुणे पितील, मग महाराज आंघोळ करतील."

पुन्हा मोठं भोक. पुन्हा श्वास. तेवढ्यात एक सशीण उठली.

"मग आमच्या पोरांनी काय प्यायचं हो?"

अगं बाई! असं त्या जंगलात कधी कुणी विचारलं नव्हतं. विचारायला उसंतच मिळाली नव्हती ना!

सिंहानं हुकूम मागवला. उजेडात धरला.

"ही भोकं कुणी पाडली?"

तुळाजी पुढे झाला. गुणाचा हो बोकड, साळूबाईचं नाव घेतलं नाही. "मी, महाराज. दम पुरत नाही."

सिंह चक्क हसला. "अरे वेड्या, आधी नाही का सांगायचं? राहू देत भोकं. फक्त दर भोकाला ढोल वाजवा. लहानाला हळू, मोठ्याला दणकून."

तेव्हापासून तुळाजी सुखानं श्वास घेतो. हुकूम वाचायला घेतला की सगळं जंगल नाचतं. सशीण अजूनही उठून काहीतरी विचारते म्हणे. ऐकू मात्र येत नाही.

तात्पर्य : वाचताना योग्य जागी जरूर थांबावं. मात्र जवळ ढोल असल्याशिवाय थांबू नये.