कमांड कुणी मारली?

आमच्या कॉलेजात सर्व्हरवर काही वेडंवाकडं टाइप केलं, की स्क्रीनवर उत्तर यायच्या आधी टेबलावरचा फोन वाजतो.

"म्याडम, हात काढा."

"कुठून?"

"कीबोर्डवरनं. आता सांगा, काय पुसायला निघालतासा?"

हे बाळगोंडा अण्णा. आमचे सिस्टिम ॲडमिन. मूळचे चिकोडीकडचे, आता शहापुरात राहतात. सर्व्हरच्या खोलीबाहेर सगळ्यांना चपला काढायला लावतात, जैनांच्या बस्तीत, म्हणजे देवळात शिरल्यासारख्या. प्राचार्यसुद्धा मोज्यांवर आत जातात.

सगळा विभाग एकाच सर्व्हरवर काम करतो. पूर्वी सगळे मिळून एकच खातं वापरायचे. अण्णांनी आल्या आल्या ते बंद केलं. "सगळ्या गावानं एकाच चपलेत पाय घातला, तर चिखल कुणाचा कळंल कसं?" आता प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि कुणी कोणती कमांड मारली याची आपोआप नोंद. सर्व्हर बंद-चालू करण्यासारख्या मोठ्या कमांडचा हक्क तर मोजक्यांनाच. तो देताना अण्णा बजावतात, "सासऱ्याची गाडी हाय ती. मिळाली म्हणून उडवायची न्हाय."

एकदा ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्या स्क्रीन काळ्या पडल्या. सर्व्हर कुणीतरी रीबूट केला होता. मुलांची अर्धी उत्तरं गेली. प्राचार्य तावातावानं खाली आले. "ही ह्या पोरांचीच खोडी! परीक्षा रद्द करतो."

मुलं रडकुंडीला आली. अण्णांनी नोंदी उघडल्या, एका नावाशी थांबले आणि खिडकी बंद केली.

"पोरांचं न्हाय, सर. चूक माझी."

"तुम्ही मारली कमांड?"

"न्हाय. पण ज्याचा हक्क मी काढून घ्यायला पायजे हुता, त्याचा काढला न्हाय. नाव लेखी देतो. पोरांना वेळ वाढवून द्या."

वेळ मिळाला, परीक्षा पार पडली. अण्णांना मेमोही मिळाला.

संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "म्याडम, सांबऱ्याला येतासा काय? देसाई सरांकडं जायचंय. एकट्याला धीर हुईना."

देसाई सरांनीच ही लॅब उभी केली. आम्हा दोघांनाही त्यांनी शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांच्या पत्नी वारल्या, मुलगी परदेशात. सरांनी दार उघडलं आणि आम्हाला बघून इतके खूश झाले, की चहा ठेवायला स्वतःच धावले.

चहा अर्धा झाल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "सर, सकाळी रीबूट मारलासा?"

"हो, माझा संगणक अडकला होता…" सर मध्येच थांबले. शेजारीशेजारी दोन खिडक्या उघड्या असणार, घरच्या संगणकाची एक आणि कॉलेजच्या सर्व्हरची एक. कमांड चुकीच्या खिडकीत गेली होती. "अरे देवा. परीक्षा होती का?"

"नीट झाली, सर."

सरांनी कप खाली ठेवला. "माझं खातं बंद करून टाक, बाळगोंडा. मी तरी कशाला येतो तिथं? रोज सकाळी घरूनच 'हू' ही कमांड टाइप करतो. आत कोण कोण आहे त्यांची नावं दिसतात. तेवढंच कॉलेजात जाऊन आल्यासारखं वाटतं."

"ठावं हाय, सर."

"ठाऊक आहे?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "म्हणून तर उठल्या उठल्या घरातनंच लॉगिन करतो मी. तुम्ही आलासा आणि एकबी नाव दिसलं न्हाय, असं नको."

सर उठून खिडकीपाशी गेले आणि चष्मा पुसत राहिले.

मोठ्या कमांडचा हक्क अण्णांनी त्यांच्यासमोरच काढून घेतला. साधं खातं राहू द्यायला प्राचार्यांनीही दुसऱ्या दिवशी मान डोलावली. निघण्याआधी अण्णांनी सरांना आणखी एक कमांड शिकवली. लॉगिन असलेल्या माणसाच्या स्क्रीनवर तिनं निरोप धाडता येतो. विसरलो होतो रे ही, असं म्हणत सर दोनदा हसले.

परवा सकाळी मी सर्व्हरच्या खोलीत होते. अण्णांच्या काळ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली: चहा झाला का?

अण्णांनी एका बोटानं उत्तर दिलं. व्हय सर. तुमचा?